निर्जळ माळावरची विहीर

हेरकथा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाही तर काळापहाड उभा राहतो. आणि वेस्टर्न बोलपट म्हटला की घोडा, पिस्तूल आणि उडणारी धूळ. या दोन घराण्यांची सोयरीक जुळवणारा एक अमेरिकन चित्रपट मी अंबाजोगाईच्या माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ हे त्याचे नाव. जॉन स्टर्जेस याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५५ सालचा, अवघ्या ८१ मिनिटांचा. त्यातले रहस्य बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याचे मूळ एका विहिरीत आहे.

साल १९४५. वाळवंटातल्या ब्लॅक रॉक नावाच्या खेड्यात चार वर्षांनी प्रथमच आगगाडी थांबते आणि मॅक्रीडी नावाचा एकहाती, प्रौढ गृहस्थ उतरतो. बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तेव्हा गाडीचे अप्रूप आम्हांला कोणी सांगायला नको! पण ब्लॅक रॉकला आनंद होत नाही, धडकी भरते. पाहुण्याने कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याचा पत्ता विचारताच सारे गाव अळीमिळी गुपचिळी करून बसते.

डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्या कथांतला हेर भिंग घेऊन राख तपासत बसत नाही. तो प्रश्न विचारतो, धक्के खातो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. स्पेन्सर ट्रेसीने रंगवलेला मॅक्रीडी हेर नाही, पण त्याची जातकुळी तीच. कोमोकोच्या रानात त्याला जळके घर दिसते, पाण्याने भरलेली विहीर दिसते आणि उजाड जमिनीच्या एकाच तुकड्यावर उगवलेली रानफुले दिसतात. फुलांखाली काय पुरले आहे, हे तो ओळखतो.

वाचकहो, रहस्य फोडले म्हणून रागावू नका. खुनी कोण हे चित्रपटही फार वेळ लपवीत नाही. गावचा दांडगा पुढारी रीनो स्मिथ याने, पाणी लागणारच नाही अशा खात्रीने, ती जमीन कोमोकोच्या गळ्यात मारली होती. त्या कष्टाळू माणसाने खोल खणले आणि पाणी लागले! डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि स्मिथच्या मत्सराला देशभक्तीचा झगा मिळाला. विहिरीला पाणी लागताच आम्ही नारळ फोडतो. पण त्याच पाण्याच्या हिश्श्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्याही पाहतो. म्हणून स्मिथ आम्हांला परका वाटत नाही.

परंतु मला अस्वस्थ करतो तो स्मिथ नव्हे. दारूत बुडालेला शेरीफ, हॉटेलातला पोरगा आणि सारे जाणून असलेला डॉक्टर, ही माणसे दुष्ट नाहीत. एका रात्री ती गप्प बसली आणि चार वर्षांत त्या गप्प बसण्याची त्यांना सवय जडली. खून एका रात्रीत झाला होता. गावाने तो रोज नव्याने लपवला.

आणि मॅक्रीडी आला कशाला होता? कोमोकोचा मुलगा अमेरिकन सैन्यात इटलीच्या रणांगणावर, याच मॅक्रीडीचा जीव वाचवताना मेला. त्याचे पदक बापाच्या हाती द्यायचे, एवढेच त्याचे काम. शेवटी डॉक्टर ते पदक गावासाठी मागून घेतो. गावाला पुन्हा उभे राहायला काहीतरी आधार हवा, असे त्याचे म्हणणे. मॅक्रीडी पदक देतो, गाडी थांबते, तो निघून जातो. ते पदक जपायला मात्र गावाला आता रोज बोलावे लागणार आहे.