वाढायला जाताय? रोज ठरवून जा

लग्नसराई लागली की केटररचा मुकादम आपल्या वस्तीत फेरी मारतो. 'दहा पोरं पाहिजेत, पाचला हॉलवर या,' एवढे सांगून निघून जातो. बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेल्या कितीतरी मुलामुलींची ही पहिलीच कमाई असते. काम एका रात्रीचे असले तरी त्यालाही रीत आहे. ती कोणी बसवून शिकवत नाही, म्हणून आज या पानावर.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही असेच एका लग्नात वाढायला गेलो. रोज चाळीस रुपये ठरला होता. रात्री बारापर्यंत राबलो. निघताना मालकाने भात-जिलेबीची पिशवी हातात दिली आणि म्हणाला, 'हे घेऊन जा, पैशाचं नंतर बघू.' आम्ही खुशीत घरी आलो. आईने पिशवी बाजूला ठेवली आणि विचारले, 'हे अन्न झालं. रोज कुठंय?' आमच्याकडे उत्तर नव्हते. सकाळी ती स्वतः आमच्यासंगे त्या मालकाच्या दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण चाळीस रुपये हातात पडेपर्यंत हललीही नाही.

परतताना तिने तिच्या आजीचे दिवस सांगितले. गावात लग्न झाले की आपली माणसे मांडवाबाहेर ताटकळत बसायची. पंगती उठल्या की पत्रावळीवरचे उष्टे त्यांच्या पदरात पडायचे. काम वर्षभराचे, मोबदला मात्र उष्ट्याचा. १९ व २० मार्च १९२७ ला महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे खाणे सोडायला सांगितले, ते याच जिण्यातून माणसाला वर काढण्यासाठी. म्हणून मुलांनो, तुम्ही पंगतीत वाढायला जाता तेव्हा कामकरी म्हणून जाता, हे आधी मनात पक्के करा. नम्रता वेगळी आणि लाचारी वेगळी.

जाण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या. रोज किती? तो कधी मिळणार? सुटी किती वाजता? जेवण आहे का? रात्री घरी सोडणार कोण? पोशाखाचे पैसे कापणार असतील तर तेही आधीच कळू द्या. मुलींनी ओळखीच्या बाईच्या सोबतीने जावे आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे पाहावे. पालकांनी वयाचा कायदाही ध्यानात ठेवावा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला परक्याच्या धंद्यात राबवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना रात्री ७ ते सकाळी ८ पर्यंत कामाला लावता येत नाही. दोनशे-तीनशे रुपयांसाठी शाळकरी पोराला रात्रीच्या लग्नात पाठवू नका.

ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोचा. नखे कापलेली, केस बांधलेले, पायात न घसरणारे बंद बूट. पेला काठाला धरू नका, बुडाशी धरा. ताटाच्या आत अंगठा जाऊ देऊ नका. पंगत असेल तर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला आणि भाजी-आमटी उजव्या बाजूला वाढतात. 'वाढू का?' असे विचारावे आणि पाहुण्याने हात आडवा धरला की पुढे सरकावे. बुफे असेल तर एका भाजीचा डाव दुसऱ्या भाजीत घालू नका. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या बाबतीत तर मुळीच नको. कशात काय घातले आहे असे कोणी विचारले, तर अंदाजाने सांगू नका, आचाऱ्याला विचारून सांगा. एखाद्याला शेंगदाणा चालत नसतो आणि तुमचा अंदाज त्याच्या जिवावर बेतू शकतो.

गरम पातेले उचलताना 'गरम आहे, बाजूला' असे मोठ्याने म्हणा. भाजले तर हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हातून बशी फुटली तर लपवू नका. लगेच सांगा आणि जवळचे उघडे अन्न बाजूला काढायला लावा, कारण काच दिसत नाही. कोणाचे पाकीट सापडले तर दुसऱ्या माणसादेखत मुकादमाकडे द्या.

कधी घरची मंडळी विचारतात, 'आडनाव काय तुझं?' खरे आडनाव शांतपणे सांगा. २०१७ साली पुण्यात एका घरमालकिणीने, स्वयंपाकवाल्या बाईने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. असे मन आजही आहे, पण लाज त्या मनाला वाटायला हवी, तुम्हाला नाही. जातीमुळे कोणी भांड्याला हात लावू दिला नाही, तर तिथे हातघाईवर येऊ नका. मुकादमाला चार माणसांदेखत सांगा. मग वस्तीतल्या जाणत्यांना घेऊन पोलीस ठाणे गाठा. संविधानाचे १७ वे कलम आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहेत. मुलीच्या अंगचटीला कोणी आले, तर तेही निमूट सोसायचे नाही. हातातले काम तिथेच ठेवून सोबतच्या बाईकडे जायचे.

आता जेवणाचे. कामकऱ्यांचे जेवण ठरलेले असेल तर ते स्वच्छ ताटात, बसून, पोटभर जेवा. त्यात कमीपणा नाही. पातेल्यात उरलेले चांगले अन्न मालकाने आपणहून दिले तर घ्या, पण रोज हातात पडल्यावर. उरलेले वेगळे आणि उष्टे वेगळे. पाहुण्यांच्या ताटातले काही तोंडात टाकायचे नाही आणि पिशवीतही भरायचे नाही.

घरी आल्यावर एका वहीत तारीख, ठिकाण, तास आणि मिळालेला रोज लिहून ठेवा. बाकी राहिले असेल तर तेही लिहा. पुढच्या वेळी मुकादम आला की वही उघडा आणि आधी मागची बाकी मागा. आमच्या आईला अक्षर येत नव्हते, तरी तिचा हिशेब कधी चुकला नाही. तुम्हाला तर लिहिता येते.