साथीच्या दिवसांत मैदान उघडावे काय?

साथ ओसरली, की माणूस ती विसरतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसे नेली. तरी दोन पिढ्या उलटल्या नाहीत तोच ती साथ घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यापुरती उरली. २०२० च्या कोरोनाचेही तेच होऊ लागले आहे. मुखपट्ट्या कपाटाच्या तळाशी गेल्या, सॅनिटायझरच्या बाटल्यांत कुणी खोबरेल तेल भरले, आणि दोन वर्षे घरात कोंडून काढलेली मुले आज नोकरीच्या शोधात फिरत आहेत. अशा निवांत वेळीच एक प्रश्न विचारून ठेवलेला बरा. पुन्हा तशी साथ आली, तर कॉलेजांतील फुटबॉलचे आणि इतर खेळांचे सामने चालू ठेवावेत की बंद करावेत?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. इस्पितळात खाट मिळत नसताना चेंडू कसला लाथाडता, असे कुणीही म्हणेल, आणि त्यात चूक नाही. परंतु ज्या घरात अठरा-वीस वर्षांचा खेळाडू मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला विचारून पहा. खेळाडूची उमेद कॉलेजच्या तीन-चार वर्षांतच फुलते. ती वर्षे गेली, की गेली. पेन्शनसारखी ती पुढे मिळत नाहीत.

तीन वर्षांचा हिशेब

सातारा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. कॉलेजातल्या खेळाला केवळ करमणूक मानणाऱ्या माणसाने असे केले नसते.

आता कोरोनाच्या काळाचा हिशेब मांडू. एक मुलगा जून २०१९ मध्ये कॉलेजात आला असे धरा. मार्च २०२० मध्ये दारे बंद झाली. त्याचे दुसरे वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दारे थोडी किलकिली झाली, तोच दुसरी लाट आली. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा मिटले. म्हणजे तीन वर्षांतले धड असे एकच वर्ष त्याच्या वाट्याला आले, तेही मैदानाची नुसती ओळख होण्याचे. परीक्षा घरबसल्या देता आली. फुटबॉल मात्र मोबाइलवरून पाठवता येत नाही.

मोठ्यांचीही तीच गत झाली. महाराष्ट्र केसरीची कुस्ती जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाली, ती त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. सव्वादोन वर्षे! पैलवानाच्या आयुष्यात हा काळ थोडा नव्हे. कोल्हापुरात तर तालमींच्या संघांचा फुटबॉल म्हणजे पेठापेठांचा अभिमान. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार अशी नावे घेतली, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. टाळेबंदीत त्या पायऱ्यांवरही शुकशुकाट झाला.

गोव्यात साधले ते कसे?

तरीही त्याच काळात, आपल्या शेजारीच गोव्यात, फुटबॉलचा एक संपूर्ण मोसम पार पडला. २० नोव्हेंबर २०२० पासून १३ मार्च २०२१ पर्यंत इंडियन सुपर लीगचे ११ संघ फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीनच मैदानांवर खेळले. सामने ११५ झाले, प्रेक्षक एकही नाही. अंतिम सामन्यात मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ असे हरवले. टाळ्या वाजवायला स्टेडियमात कुणी नव्हते. महाराष्ट्राने तो विजय घरच्या सोफ्यावर बसून पाहिला.

हे साधले, कारण संघांना हॉटेलांत जगापासून तोडून ठेवले होते. आल्याबरोबर विलगीकरण, मग पुन्हा पुन्हा तपासण्या, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल एवढाच रस्ता. 'बायो-बबल' हा शब्द तेव्हा आपल्या कानांवर आला. त्या बुडबुड्याची किंमत मोठी होती, आणि ती देणारे मालकही मोठे होते.

बुडबुडाच तो, फुटायलाही वेळ लागत नाही. पुढच्याच मोसमात, जानेवारी २०२२ मध्ये, खेळाडूंना लागण झाल्यामुळे गोव्यातले सामने पुढे ढकलावे लागले. आणि त्याच महिन्यात नवी मुंबईत जे घडले, ते फारच जिव्हारी लागणारे होते. महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा भारतात, मुंबई-पुण्याच्या परिसरात भरली होती. पुढील विश्वचषकाचे दार तिच्यातूनच उघडणार होते. आपल्या मुलींनी २० जानेवारीला इराणशी बरोबरी केली. २३ तारखेला चिनी तैपेईशी सामना होता. पण संघात कोरोना शिरला आणि नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे करता येईनात. सामना रद्द, भारत स्पर्धेबाहेर. घरचे मैदान, वर्षांची मेहनत, आणि प्रतिस्पर्ध्याकडून न हरताच परतीची वाट! विश्वचषकाची आशा त्या तपासणीच्या कागदांवर संपली. बंदोबस्तात कसूर नको एवढाच याचा अर्थ नाही. उत्तम बंदोबस्तालाही साथ दाद देईलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे वेगळेच प्रकरण. तो आपला चेंडू पायाने मारण्याचा खेळ नव्हे. शिरस्त्राणे घालून धडका मारण्याचा. काही स्टेडियमांत लाखभर माणसे बसतात आणि विद्यापीठांच्या तिजोऱ्या त्यावर भरतात. ११ ऑगस्ट २०२० रोजी तेथील 'बिग टेन' आणि 'पॅक-१२' या दोन मोठ्या विद्यापीठगटांनी मोसम पुढे ढकलला. ताप उतरल्यावरही काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज राहते, अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली होती. इतर मोठे गट मात्र खेळतच राहिले. मग महिना-दीड महिन्यात या दोघांनीही निर्णय फिरवला. रोज तपासणी करण्याची सोय झाली हे एक कारण. पैशाचा आणि लोकांचा दाब हे दुसरे.

तिथल्या जाणत्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न आपणही विचारण्याजोगा आहे. पगारी खेळाडू जोखीम पत्करतो आणि तिचा मोबदला घेतो. विद्यार्थ्याला जोखीम घ्यायला सांगण्याचा अधिकार कुणाला? पण तिथे एक शहाणपणाची गोष्टही झाली. २०२० चा मोसम विद्यार्थ्याच्या खेळण्याच्या ठरीव वर्षांत धरायचा नाही, असे तेथील मध्यवर्ती संस्थेने ठरवले. खेळला असो वा नसो, वर्ष वाया गेले नाही. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागेल.

म्हसवडच्या मुलाचे काय?

गोवा आणि अमेरिका सोडून आता आपल्या मुलखात येऊ. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचे म्हसवड. सिद्धनाथाचे गाव, माणगंगेच्या काठचे. बहुतेक वर्ष नदीत पाण्यापेक्षा वाळूच अधिक. येथे कॉलेजात येणारा मुलगा आसपासच्या वाडीवस्तीवरून एसटीने येतो. घर दोन-तीन खोल्यांचे. त्यात आजी-आजोबा, आईबाप, लहान भावंडे. या मुलासाठी कोणता बुडबुडा उभारणार? तो सामना खेळून घरी आला, तर संघातला ताप आजीच्या अंथरुणापर्यंत यायला एक रात्र पुरे.

आणि गंमत पहा, धोका मोकळ्या मैदानावर त्या मानाने कमीच असतो. उघड्या हवेत श्वास विरून जातो. खरा धोका मैदानाच्या आजूबाजूला. सामन्याला नेणारी खिडक्या लावलेली बस, एका खोलीत दहा जणांनी कपडे बदलणे, वसतिगृहातली पंगत, एकच पाण्याची बाटली, आणि जिंकल्यावर गळ्यात गळे घालणारी गर्दी. सामना नव्वद मिनिटांचा, पण त्याची यात्रा दोन दिवसांची असते. यात्रेचे काय करायचे हे आपण २०२० मध्ये पाहिलेच. आषाढीला लाखोंची वारी थांबली आणि पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. विठोबाने ते चालवून घेतले, तर क्रीडा महोत्सवानेही चालवून घ्यायला हरकत नाही.

खेळाखेळांतही फरक आहे. याच माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावल्या आणि दहाव्या आल्या. धावणारी मुलगी बांधावरून एकटी धावू शकते. शेजारच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियोला खेळले. वर्षभर लांबलेले ते ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, रिकाम्या स्टेडियमांत. तिरंदाजाला नेम धरायला दुसऱ्याच्या अंगाला अंग लावावे लागत नाही. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल यांत मात्र दुसऱ्याचा श्वास आपल्या तोंडावर येतोच.

मग करावे काय?

सरसकट बंद हे सोपे उत्तर, सरसकट चालू हे बेफिकीर. मधली वाट अशी दिसते. साथ चढती असेल आणि तालुक्याच्या इस्पितळात खाटा अपुऱ्या असतील, तोवर आंतरकॉलेज सामने नकोत. त्या खाटेवर पाय मोडलेल्या खेळाडूचाही वाटा असतो, हे विसरू नये. सराव मात्र थांबवू नये. मुलांनी आपापल्या गावी धावावे, दोघा-चौघांनी उघड्यावर चेंडू खेळवावा आणि क्रीडाशिक्षकांनी फोनवरून त्यांची चौकशी ठेवावी. साथ उतरू लागली, की आधी जवळच्या जवळ, एका दिवसात घरी परतता येईल असे सामने घ्यावेत. प्रेक्षक आणि मुक्काम सर्वांत शेवटी.

ज्याला लागण होऊन गेली त्याने ताप उतरताच मैदान गाठू नये. हळूहळू श्रम वाढवावेत. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना दाखवल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये. न खेळण्याची मुभाही हवी. घरी आजारी आजोबा आहेत म्हणून जो मुलगा नाही म्हणतो, त्याची संघातली जागा जाता कामा नये.

आणि शेवटची गोष्ट विद्यापीठांनी करायची. साथीने खाल्लेले वर्ष खेळाडूच्या वयोमर्यादेत आणि पात्रतेत मोजायचे नाही, असा नियम साथ येण्याआधीच लिहून ठेवावा. त्याला औषध लागत नाही, तपासणी लागत नाही, हॉटेल तर नाहीच. एक ठराव आणि एक सही पुरे. वर्ष परत मिळणार आहे एवढे कळले, तरी घाईने मैदानात उतरण्याची मुलाची निम्मी तगमग शमेल आणि आईचीही निम्मी काळजी हलकी होईल. एका प्राचार्यांनी एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकलेला हा मुलूख आहे. त्या मानाने एक वर्ष परत देणे काही फार नव्हे.