देशी कागदाचे कारागीर : एरंडोल, यावल आणि जपानचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील अंजनी नदीकाठचे एरंडोल हे गाव आज पांडववाड्यामुळे आणि जवळच असलेल्या पद्मालय येथील गणपतीमुळे सर्वपरिचित आहे. तथापि एके काळी या गावाचे नाव एका वेगळ्याच कारणाने दूरवर पोहोचले होते. येथे हाताने कागद तयार होत असे. १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘इंपिरियल गॅझेटियर’ने एरंडोल हे जाड्या देशी कागदाबद्दल पूर्वी प्रसिद्ध होते आणि तो उद्योग अद्याप थोड्या प्रमाणात तग धरून आहे, अशी नोंद केली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावलचा उल्लेखही पूर्वी कागद आणि नीळ यांसाठी नावाजलेले गाव असाच येतो. म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा खानदेशातील हा व्यवसाय उतरणीस लागलेला होता.

हाच काळ जपानमधील हातकागदालाही कठीण गेला. तेथेही यंत्राचा कागद आला, गिऱ्हाईक कमी झाले आणि अनेक घरांनी धंदा सोडला. तरीसुद्धा जपानी हातकागद आज जगभर मागविला जातो. दोन ठिकाणच्या कारागिरांच्या कौशल्यात फार मोठे अंतर होते असे म्हणण्यास आधार नाही. अंतर पडले ते कारागिराच्या पाठीशी कोण उभे राहिले, या बाबतीत.

कागद कसा होत असे

पश्चिम भारतात जुन्नर, दौलताबादजवळील कागजीपुरा, अहमदाबाद इत्यादी ठिकाणी देशी कागद करण्याची पद्धत साधारणतः सारखीच होती. तागाचे जुने गोणपाट, दोर, जाळी, चिंध्या असा टाकाऊ माल गोळा करून त्याचे बारीक तुकडे करीत. ते चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवीत आणि नंतर पायाने चालविण्याच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटून काढीत. कुटलेला माल वाहत्या पाण्यात धुवावा लागे. यासाठी कागदी कारागिरांची वस्ती नदीकाठी किंवा भरपूर पाण्याच्या जागी असे.

धुतलेला लगदा हौदात कालवून त्यात गवताच्या बारीक काड्यांची चटई बसविलेला साचा बुडविला जाई. साचा आडवा धरून वर उचलताना पाणी खाली गळे आणि तंतूंचा पातळ थर चटईवर राही. हा थर सर्वत्र सारख्या जाडीचा येणे हे सर्वस्वी हाताच्या सवयीवर अवलंबून असे. ओले ताव एकावर एक रचून दगडाच्या वजनाखाली दाबीत, मग सुटे करून सारवलेल्या किंवा गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटल्यावर बोरूची शाई फुटेनाशी होई. एका तावामागे अशी अनेक माणसांची मेहनत असे. घरातील स्त्रिया आणि मुलेही या कामात हातभार लावीत.

कुलकर्ण्यांची दप्तरे, सावकारांच्या वह्या, मठ-मंदिरांतील पोथ्या, सनदा आणि पत्रव्यवहार हे सारे अशाच देशी कागदावर होत असे. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळ आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी जतन केलेली हस्तलिखिते पाहिली म्हणजे या कागदाची योग्यता ध्यानात येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांनी जमविलेल्या साधनांच्या जतनासाठी १९२७ मध्ये मंडळ स्थापन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेले कागद वाचता येण्याजोगे राहिले, याचे श्रेय ते जपणाऱ्या घराण्यांइतकेच तो कागद करणाऱ्या अनाम कारागिरांनाही द्यावयास हवे. ताग व चिंध्या यांचे तंतू लांब आणि चिवट असतात. चुन्याच्या संस्कारामुळे कागदात आम्लता सहसा राहत नाही. उलट लाकडाच्या लगद्यापासून, तुरटी व राळ वापरून केलेला गिरणीचा जुना कागद आम्लतेमुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. अनेक कार्यालयांतील आणि शाळांतील शंभर वर्षांच्या आतील नोंदवह्यांची हीच अवस्था झालेली दिसते.

ऱ्हासाची कारणे

देशी कागद केवळ यंत्रापुढे हरला, असे म्हटल्यास चित्र अपुरे राहील. १७९९ मध्ये फ्रान्समध्ये लुई रॉबेर याने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढील शतकात युरोपात कागद स्वस्त झाला, हे खरे. पण सर चार्ल्स वुड हे भारतमंत्री असताना, म्हणजे १८५९ ते १८६६ या काळात, हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद ब्रिटनमधूनच खरेदी करण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. कागदाचा सर्वांत मोठा आणि खात्रीचा ग्राहक म्हणजे सरकारी कचेरी. तीच हातची गेल्यावर देशी कागदाचा धंदा मागे पडणे अपरिहार्य होते. पुढे टिटागड (१८८२) यांसारख्या गिरण्या देशातच निघाल्या आणि उरलेली मागणीही त्यांच्याकडे गेली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. स्वस्त कागदावाचून पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि खेड्यातील शाळा यांचा प्रसार झाला नसता. हातकागदाने ती गरज भागविणे शक्य नव्हते. तथापि जेथे टिकाऊपणाला महत्त्व आहे अशा सनदा, नोंदी, प्रमाणपत्रे, नकाशे व चित्रे यांसाठी हातकागदाची जागा राखून ठेवता आली असती. ती राखली गेली नाही आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञानही ओसरले.

जपानने काय केले

जपानी परंपरेनुसार कागदाची विद्या इ. स. ६१० मध्ये कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूबरोबर तेथे पोहोचली. ‘वाशी’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद मुख्यतः कोझो या तुतीच्या कुळातील झाडाच्या आतल्या सालीपासून करतात. साल शिजवून, थंड पाण्यात धुऊन, त्यातील काळे ठिपके हाताने वेचून काढतात. लगद्यात भेंडीच्या जातीच्या एका वनस्पतीच्या मुळाचा बुळबुळीत रस मिसळतात. त्यामुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात आणि अत्यंत पातळ, पण चिवट ताव काढता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, देश विपन्नावस्थेत असताना, जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात वास्तू आणि मूर्ती यांच्याबरोबर कारागिरांच्या हातातील कौशल्य हीदेखील राष्ट्राची संपत्ती मानली गेली. अशा कौशल्याच्या श्रेष्ठ धारकांना शासन मान्यता व वार्षिक साहाय्य देते. त्यांनी शिष्य तयार करावेत, ही अपेक्षा त्यामागे असते. १९७४ मध्ये पारंपरिक हस्तव्यवसायांच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा झाला. वस्तू मुख्यतः नित्याच्या वापरातील असावी, निर्मितीचा प्रमुख भाग हाताने व्हावा, तंत्र व कच्चा माल परंपरेने चालत आलेला असावा आणि एका विशिष्ट भागात पुरेशा संख्येने कारागीर त्यात गुंतलेले असावेत, अशा अटी त्यात आहेत.

या अटींतील ‘नित्याचा वापर’ हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. संग्रहालयातील कपाटात ठेवून कला जगत नाही, तिला गिऱ्हाईक लागते. जपानी कागद घराच्या सरकत्या दारांना, कंदिलांना, सुलेखनाला आणि लाकडी ठशांच्या छपाईला लागत राहिला. कागद करणाऱ्या भागांतील काही शाळांतून मुले स्वतः केलेल्या कागदावर आपले प्रमाणपत्र मिळवितात. युनेस्कोने २०१४ मध्ये शिमाने, गिफु व सैतामा या प्रांतांतील तीन प्रकारच्या हातकागदांचे तंत्र मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केले. हे ज्ञान कारागीर कुटुंबे, जतन मंडळे आणि स्थानिक नगरपालिका अशा तीन पातळ्यांवर पुढे जाते, असे त्या नोंदीत म्हटले आहे.

परिणाम असा झाला की, जगातील अभिलेखागारांत जीर्ण कागद सांधण्यासाठी आज जपानी पातळ कागद वापरला जातो. भारतातील अभिलेखागारांनाही तो चांगला परिचित आहे. ज्या मुलखात टिकाऊ कागद होत असे, त्याच मुलखातील जुनी दप्तरे दुरुस्त करावयाची म्हटली तर कागद समुद्रापलीकडून आणावा लागावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

आपल्याकडे प्रयत्न मुळीच झाले नाहीत, असे नाही. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याच्या कार्यक्रमात हातकागदाला स्थान मिळाले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे झाले. त्या वेळी भरलेल्या खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले आणि अधिवेशननगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली. १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था निघाली. भारतीय संविधानाची हिंदी हस्तलिखित प्रत पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखित केली असून तिची पाने नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी सजविली आहेत. प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च दस्तऐवजासाठी हातकागद योग्य ठरला, ही या व्यवसायाच्या गुणवत्तेला मिळालेली मोठीच पावती होय.

आज खानदेशात कच्च्या मालाची वाण नाही. कापसाच्या चिंध्या आहेत. तसेच यावल, रावेर या पट्ट्यात घड उतरविल्यावर केळीची खोडे मोठ्या प्रमाणात शिल्लक राहतात. त्यांच्या धाग्यापासून हातकागद करता येतो. जयपूरजवळ सांगानेर येथील कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत अशा विविध तंतूंवर काम झालेले आहे. मात्र केळीच्या खोडात पाण्याचे प्रमाण फार असल्याने वाहतूक महाग पडते. म्हणून धागा काढण्याची सोय शेताजवळच असावी लागेल. कागद धुण्यास लागणारे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांचाही विचार आधी करावा लागेल.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

पहिले काम नोंदणीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, टोपल्या-चटया विणणारे अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद करण्यात आली. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे देण्यात आली. हातकागद मात्र या १८ व्यवसायांत नाही. म्हणून गावातील प्रत्येक हस्तव्यवसायाची, मग तो कोणत्याही यादीत असो वा नसो, पंचायतीने स्वतंत्र नोंद ठेवणे इष्ट होईल. कोण काय करतो, कोणाकडून शिकला, कोणती अवजारे वापरतो आणि त्याच्यानंतर ते काम कोण करणार, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत.

दुसरे काम शाळांचे. जुने गोणपाट आणि चिंध्या यांचा लगदा करून एक ताव काढून दाखविणे कोणत्याही शाळेला कार्यानुभवाच्या तासात शक्य आहे. एकदा तो ताव स्वतः काढलेला विद्यार्थी कागदी कारागिराच्या श्रमाची किंमत कायमची ओळखतो.

तिसरे काम कार्यालयांचे. मानपत्रे, प्रशस्तिपत्रके, निमंत्रणे आणि दीर्घकाळ ठेवावयाच्या नोंदी यांसाठी हातकागद घेण्याचे ठरविले तर लहान उत्पादकाला वर्षभराची निश्चित मागणी मिळू शकते. दीडशे वर्षांपूर्वी सरकारी कचेरीने पाठ फिरविल्याने देशी कागदाची बाजारपेठ गेली. आजच्या लोकनियुक्त पंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या कचेरीला ती थोड्याफार प्रमाणात परत मिळवून देता येईल.