पियानो, प्राध्यापक आणि परराष्ट्रमंत्री

"बाई, परराष्ट्रमंत्र्यांना सगळ्या देशांची माहिती पाठ असते का हो?" नकाशा शिकवताना चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं.

"अगं, पाठ कशी असेल! त्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यास करणारी माणसं असतात. देशादेशांत भांडणं का होतात, मैत्री कशी जुळते, तह का मोडतात, हे ती शोधतात. या विषयाला आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात."

मग मुलांनो, वर्गाला जी गोष्ट सांगितली, तीच तुम्हांलाही सांगते.

आपला बालदिन १४ नोव्हेंबरला, हो ना? त्याच तारखेला, १९५४ साली, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात एक मुलगी जन्मली. 'गोडव्यानं वाजवा' अशा अर्थाच्या संगीतातल्या इटालियन शब्दांवरून आईनं तिचं नाव ठेवलं कॉन्डोलीझा. आडनाव राइस. तीन वर्षांची असतानाच आजीनं तिला पियानोसमोर बसवलं.

घरात गोडवा होता, पण शहरात मात्र नव्हता. काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, हॉटेलांत त्यांना बंदी. १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी तिथल्या एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट केला. चार मुली मेल्या. त्यांतली ११ वर्षांची डेनिस मॅकनेअर ही कॉन्डोलीझाची लहानपणीची सवंगडी. माणसांतला द्वेष काय करतो, ते तिला आठव्या वर्षीच कळलं.

तिला व्हायचं होतं पियानोवादक. कॉलेजातही तोच विषय घेतला. पण एका उन्हाळी संगीत शिबिरात तिला ११ वर्षांची मुलं भेटली. तिला जे शिकायला वर्ष लागलं होतं, ते ती मुलं नुसतं कागदावर बघून वाजवत होती! आपण पहिल्या रांगेतल्या वादक होणार नाही, हे तिनं ओळखलं. मग काय, नव्या विषयाचा शोध सुरू झाला. रडत बसली नाही, बरं का.

एक दिवस डेन्व्हर विद्यापीठात ती जोसेफ कॉर्बेल या प्राध्यापकांच्या तासाला बसली. विषय होता रशियाचा हुकूमशहा स्टालिन. ती रंगूनच गेली. कॉर्बेल मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे राजदूत. १९३९ मध्ये हिटलरमुळे आणि १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीमुळे, असा दोनदा त्यांना देश सोडावा लागला. काश्मीर प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगावर ते होते. १९४८ मध्ये त्या कामासाठी ते भारतातही आले होते. आणखी एक गंमत! त्यांची मुलगी मॅडेलिन ऑलब्राइट १९९७ मध्ये अमेरिकेची पहिली महिला परराष्ट्रमंत्री झाली. म्हणजे एकाच माणसाची मुलगीही परराष्ट्रमंत्री आणि विद्यार्थिनीही!

कॉन्डोलीझा रशियन भाषा शिकली. चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यावर प्रबंध लिहून १९८१ मध्ये ती डॉक्टरेट झाली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागली. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी डॉ. राइसना सल्ल्यासाठी बोलावलं. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली, १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाले. ज्या विषयाची पुस्तकं वाचली, तो इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर बदलत होता. काम संपल्यावर त्या पुन्हा वर्गात परतल्या.

२००१ मध्ये त्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाल्या, तर २००५ ते २००९ परराष्ट्रमंत्री. भारत-अमेरिका अणुकरारावर १० ऑक्टोबर २००८ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रणव मुखर्जी यांच्यासोबत सही केली ती राइस यांनीच. नंतर त्या पुन्हा स्टॅनफर्डला गेल्या. पियानोही सुटला नाही. २००२ मध्ये यो-यो मा या नामवंत चेलोवादकाबरोबर त्यांनी जाहीर कार्यक्रमात साथ केली.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, असं सांगून अमेरिकेनं २००३ मध्ये युद्ध पुकारलं. राइस यांनी त्याचं जोरदार समर्थन केलं होतं. शस्त्रांचे ते साठे सापडलेच नाहीत. माणसं मात्र हजारोंनी मेली. त्यासाठी त्यांच्यावर आजही टीका होते.

"बाई, एवढा अभ्यास करूनही चुकतं?" त्याच मुलीनं विचारलं.

"चुकतं गं. तुझं गणित चुकलं तर खोडरबर आहे. तिथं खोडरबर नसतो. म्हणून तर 'मला हे खरंच माहीत आहे का?' असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं."

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर काय, बाईसाहेब नकाशासमोर उभ्या! बोट चेकोस्लोव्हाकिया शोधत होतं. तो काही सापडेना. सापडणार कसा? १९९३ मध्ये त्याचे दोन देश झाले. "का झाले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हं, आता अभ्यास सुरू झाला!"

तुम्हीही शोधा बरं, का झाले ते. आईबाबांनाही सोबत घ्या.