चांगदेव: एका नावाचा माग

पुणतांब्याच्या बाजारात 'अहो चांगदेवराव' अशी हाक मारली आणि दोघांनी एकदम मान वळवली, तर त्यात नवल काही नाही. गोदाकाठच्या या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या साऱ्या पट्ट्यात हे नाव मुरलेलं आहे. कुणाचे आजोबा चांगदेव, कुणाचे चुलते चांगदेव. गावाजवळ उभ्या राहिलेल्या खासगी साखर कारखान्यालाही हेच नाव मिळालं. लहानपणी 'चांग्या', कर्तेपणी 'चांगदेवराव', केस पिकले की 'चांगदेवबाबा'. इतक्या सवयीच्या नावाकडे कुणी निरखून पाहत नाही. मी पाहू लागलो, तेव्हा ते मला गोदावरीवरून गुजरातेत आणि चाळीसगावच्या डोंगरात घेऊन गेलं.

आधी शब्दच घ्या. नामदेव, ज्ञानदेव, सोपानदेव यांतला 'देव' आपल्या ओळखीचा आहे. 'चांग' म्हणजे काय? तो तर आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. चांगला, चांगुलपणा, जोतिबाच्या डोंगरावर गुलालाच्या लाटेतून उठणारं 'चांगभलं', या सगळ्यांत तोच आहे. पंजाबात आजही 'चंगा' म्हणजे छान. प्राकृतात 'चंग' म्हणजे सुंदर, साजिरं. आपली बहुतेक नावं संस्कृताच्या कोशातून येतात. हे नाव मात्र चुलीपाशी आणि चावडीवर बोलल्या जाणाऱ्या शब्दातून घडलं.

त्याची खूण आपल्या जिभेवरच आहे. 'चंद्र' म्हणा, मग 'चांगला' म्हणा. पहिला च टाळूला लागतो, दुसरा दातांकडे सरकतो. चरण, चंद्र, चरित्र हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द, त्यांचा च टाळूवरचा. चाक, चूल, चांगला हे लोकांच्या तोंडात झिजून गुळगुळीत झालेले, त्यांचा च दातांपाशी. शाळेत न गेलेली आजीसुद्धा हा भेद चुकत नाही. शब्द कोणत्या वाटेनं घरात आला याची नोंद जीभ कशी राखून ठेवते, हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ एकटाच 'चंद्र, चांगला, चंद्र, चांगला' असं पुटपुटत बसलो होतो.

आता गुजरात. अकराव्या शतकाच्या अखेरीस धंधुका गावी पाहिणी नावाच्या बाईला मुलगा झाला. हा मुलगा पुढे जैन मुनी झाला, सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ या राजांच्या काळात पाटणला राहून त्यानं व्याकरण लिहिलं, कोश रचले. तेच आचार्य हेमचंद्र. प्राकृत भाषांचं त्यांचं व्याकरण आजही अभ्यासकांच्या हाताशी असतं. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोशही त्यांनी केला आणि त्यात 'चंग' हा शब्द सुंदर या अर्थानं नोंदवला. आणि दीक्षा घेण्याआधी, आईच्या मांडीवर असताना हेमचंद्रांचं नाव काय होतं? चांगदेव! आईनं ज्या शब्दानं हाक मारली, तोच शब्द पुढे मुलानं कोशात नेऊन ठेवला. ते लिहिताना त्यांना घर आठवलं असेल का, असं माझ्या मनात येतंच.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात दुसरा चांगदेव भेटतो, तोही पुणतांब्याच्या संतांच्या आधीचा. इथल्या पाटण गावचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा हा लेख. 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि त्याचा मुलगा चांगदेव. हा नातू यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगायची वेळ आली तेव्हा शेवटच्या ओळी लोकांच्या बोलीत, जुन्या मराठीत उतरल्या. गणिताचे ग्रंथ टिकावेत म्हणून नातवानं शाळा उभारावी आणि त्या नातवाचं नाव 'चांगला' या शब्दावरून असावं, याचा मला फार आनंद होतो.

त्याच सुमाराचे आणखी एक चांगदेव महानुभावांना पूज्य आहेत. फलटणचे चांगदेव राऊळ द्वारकेला गेले आणि हातात सूप-खराटा घेऊन तिथले रस्ते झाडू लागले. पंथ मानतो त्या पाच अवतारांतले, म्हणजे पंचकृष्णांतले, ते श्रीचक्रपाणी. गोविंदप्रभूंना त्यांच्याकडून ज्ञान मिळालं अशी पंथाची श्रद्धा आहे.

म्हणजे पुणतांब्याच्या महाराजांनी हे नाव जन्माला घातलं नाही. ते आधीपासून मुनी होणाऱ्या मुलाचं, ज्योतिष्याचं आणि रस्ते झाडणाऱ्या अवताराचं नाव होतं. महाराजांनी ते घरोघरी पोचवलं. वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन येणारे योगी आणि त्यांना सामोरी जाणारी भिंत, ही गोष्ट मराठी मुलाला सांगावी लागत नाही. ते चौदाशे वर्षं जगले असं परंपरा म्हणते. त्या आकड्याकडे मी हिशेब म्हणून पाहत नाही. इतक्या चांगदेवांच्या आठवणी एकाच नावात साठत गेल्या की लोकांच्या मनात तो माणूस फार, फार म्हातारा होणारच, असं मला वाटतं.

संत आणि नाव यांचं हे नातं जगात इतरत्रही दिसतं. सहाव्या शतकात आयर्लंडहून कोलम नावाचा साधू निघाला आणि ५६३ साली त्यानं स्कॉटलंडच्या आयोना बेटावर मठ वसवला. कोलम म्हणजे कबूतर. तिथल्या गेलिक बोलणाऱ्या लोकांत मुलाला संताचा दास म्हणायची रीत पडली. 'माएल कोलुम', म्हणजे कोलमपुढे मुंडण करून उभा राहिलेला सेवक. त्याचंच पुढे माल्कम झालं. स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे. नंतर ते आडनाव झालं आणि ते आडनाव लावणारे जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला 'माल्कम पेठ' म्हणतात ते त्यांच्यामुळे. आयोनाचा साधू असा सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन पोचला! क्रिकेट पाहणाऱ्यांना गिलख्रिस्ट आठवेल. तेही मुळात गेलिकच, ख्रिस्ताचा सेवक.

आपल्याकडे रीत उलटी पडली. दास वगैरे न म्हणता संताचं नाव थेट बाळाला. मला यात अजामिळाची कथा दिसते. मुलाचं नाव नारायण ठेवलं, शेवटी त्यालाच हाक मारली आणि तेवढ्यानं तो तरला. लेकराला जेवायला बोलवता बोलवता महाराजांचं नाव तोंडी यावं, एवढंच त्या माउलीला हवं असतं.

नाव मग पसरत गेलं. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गावच आहे, तिथे प्राचीन मंदिर आहे. पलीकडे मुक्ताईंचं स्थान. मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू, त्यामुळे गुरू आणि शिष्य तिथे शेजारी नांदतात. त्याच खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. १९७५ मध्ये 'बिढार' आली तेव्हा तिचा नायक होता चांगदेव पाटील, आणि पुढच्या कादंबऱ्यांतूनही तोच चालत राहिला. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र खंडामागून खंड लिहिणारे खैरमोडे हेही चांगदेवच. रायगडात नाव आखूड होऊन 'चांगू' झालं. पनवेलच्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयाच्या पाटीवर ते वाचता येतं. बायकांच्या वाट्याला चांगुणा आली, श्रियाळ राजाची राणी, चिलयाची आई. नव्या बारशांत मात्र मला हे नाव क्वचित ऐकू येतं. हजेरीपटात ते आता मधल्या जागी, वडिलांचं किंवा आजोबांचं नाव म्हणून सापडतं.

एक गोष्ट उरली, आणि तीही नाव घेण्याचीच आहे. चांगदेव आळंदीला पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ज्ञानेश्वर वयानं लहान, म्हणून चिरंजीव म्हणावं? ज्ञानानं मोठे, म्हणून तीर्थरूप म्हणावं? काहीच ठरेना, तेव्हा त्यांनी कोरा कागद पाठवून दिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर आलं पासष्ट ओव्यांचं, तीच चांगदेव पासष्टी. त्यात ज्ञानेश्वर त्यांना चक्रपाणी म्हणतात, वटेश्वराचा पुत्र म्हणतात. आणि एका ठिकाणी, पुणतांब्यात संध्याकाळी ओट्यावरून पोराला घरात बोलवावं तसं, नुसतंच 'चांगया'.