प्रत्ययांचा हमाल : इंग्रजीतील 'डू'

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'डू' या क्रियापदासमोर 'करणे' हा अर्थ दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. परंतु 'डू यू नो हिम?' या साध्या प्रश्नात कोणी काही करत नाही, आणि 'तू त्याला ओळखतोस का?' असे त्याचे मराठी रूप केले, तर 'डू'च्या वाट्याला एकही शब्द येत नाही. मुख्य क्रियापदाला काळ, नकार किंवा प्रश्न दाखवण्यास जे मदत करते, त्याला व्याकरणात साहाय्यक क्रियापद म्हणतात. 'डू' हे मुख्य म्हणूनही वावरते आणि साहाय्यक म्हणूनही. दुसऱ्या भूमिकेत मात्र ते आपला अर्थ बाजूला ठेवून केवळ मुख्य क्रियापदाचे प्रत्यय वाहून नेते. 'ही गोज' या वाक्यातील शेवटचा प्रत्यय नकार येताच 'गो'वरून उतरतो आणि 'डू'वर चढतो, म्हणून 'ही डज नॉट गो' असे म्हणावे लागते.

ही व्यवस्था मराठी माणसाला परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. 'तो जातो' याचा नकार 'तो जात नाही' असा होतो. तेथे 'जातो'मधील लिंगवचन दाखवणारा शेवट गळून 'जात' एवढेच रूप उरते. 'तू जातोस' याचा नकार 'तू जात नाहीस' असा होतो आणि 'ते जातात' याचा 'ते जात नाहीत'. म्हणजे मुख्य क्रियापद उघडे पडते आणि पुरुष-वचनाचे प्रत्यय 'नाही'वर जाऊन बसतात. इंग्रजीतील 'डज नॉट' जे काम करते, तेच काम मराठीचे 'नाही' वर्तमानकाळात बिनबोभाट करत आले आहे. वर्गात 'डू'चा नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही दोन वाक्ये शेजारी मांडली, तर निम्मे समजावणे वाचेल.

पेच भूतकाळात पडतो. 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाही' असा होतो आणि 'तू गेलास' याचा 'तू गेला नाहीस'. पुरुषाचा प्रत्यय येथेही 'नाही'कडे जातो, परंतु भूतकाळ मात्र 'गेला'मध्येच ठाण मांडून राहतो. प्रश्नातही तसेच घडते, कारण 'तो गेला का?' असे विचारताना शेवटी 'का' जोडण्यापलीकडे काहीच हलत नाही. इंग्रजीत याउलट भूतकाळ संपूर्णपणे 'डिड'च्या अंगावर जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते. 'ही डिड नॉट वेंट' आणि 'डिड यू वेंट?' ही मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईने खोडली गेलेली वाक्ये निष्काळजीपणापेक्षा मातृभाषेच्या या सवयीतून आलेली असावीत, असे मानण्यास जागा आहे. अर्थात सगळा दोष मराठीवर टाकणेही बरोबर नाही. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली लहान मुलेही बोलायला शिकताना भूतकाळ असा दोनदा लावतात.

व्युत्पत्तीचा भाग थोडक्यात सांगता येतो. 'डू'चे मूळ ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूत आहे, त्याचा अर्थ 'ठेवणे' असा होता आणि संस्कृतातील 'धा' हा धातू त्याच कुळातला. त्यामुळे श्रद्धा, निधी, विधान हे शब्द 'डू'चे दूरचे भाऊबंद ठरतात. कपडे अंगावर चढवणे आणि उतरवणे यांसाठी इंग्रजीत असलेले 'डॉन' आणि 'डॉफ' हे शब्द 'डू ऑन' आणि 'डू ऑफ' यांचे आकसलेले रूप असून, त्यांत तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

'डू' साहाय्यक कसा झाला, हा प्रश्न मात्र इंग्रजीच्या इतिहासातील अत्यंत रंजक प्रश्नांपैकी एक आहे. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ आल्व्हार एलेगोर्ड यांनी १९५३ साली या एका क्रियापदावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या लेखनातील वाक्ये मोजून 'डू'चा प्रसार आलेखावर मांडला. त्यातून दिसते ते असे की, 'डू' प्रश्नांत लवकर रुजला, साध्या नकारात रेंगाळत आला, आणि 'नो', 'डाउट', 'केअर' अशा काही क्रियापदांनी तर 'आय नो नॉट' ही जुनी धाटणी दीर्घकाळ सोडली नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे सोळाव्या शतकात 'आय डू गो' अशा साध्या होकारार्थी वाक्यांतही, कसलाही जोर नसताना, 'डू' वाढत चालला होता आणि मग त्या शतकाच्या शेवटच्या चरणात तो तेथून ओसरू लागला. कवींना मात्रा भरण्यासाठी तो पुढेही उपयोगी पडत राहिला. अलेक्झांडर पोप यांनी १७११ मध्ये अशा भरतीच्या शब्दांची पद्यातूनच टर उडवली आणि १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी होकारार्थी वाक्यातील अनावश्यक 'डू' दूषित ठरवला. आज तो होकारात येतो तो ठासून सांगण्यासाठी, म्हणजे 'मला माहीत आहेच' यातील 'च'च्या जागी. एलेगोर्ड यांच्या आकड्यांवर १९८९ मध्ये अँथनी क्रॉक यांनी भाषाबदलाच्या वेगाचा एक प्रसिद्ध सिद्धान्त उभारला. एका क्रियापदाच्या मोजदादीला इतके दीर्घ आयुष्य क्वचितच लाभते.

मूळ कारणाविषयी एलेगोर्ड यांचे मत असे होते की, 'डू' प्रथम प्रयोजक म्हणून, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या अर्थाने वापरला जाई आणि 'राजाने किल्ला बांधवला' अशा वाक्यांतून तो अर्थ झिजत गेला. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये, कारण १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या प्रतापगडाविषयीही 'महाराजांनी प्रतापगड बांधला' असेच सर्रास म्हटले जाते. दुसरे मत श्रेय देते ते वेल्श व कॉर्निश या केल्टिक भाषांना. जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २००८ मध्ये ते हिरिरीने मांडले. या भाषांतही 'करणे' या अर्थाचे क्रियापद साहाय्यक म्हणून येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु इंग्रज आणि केल्ट यांचा संपर्क पाचव्या शतकापासूनचा आणि असा 'डू' लेखनात ठळक दिसतो तो तेराव्या शतकापासून, हे अंतर बोलीभाषा लिहिली जात नव्हती एवढ्या एका उत्तराने भरून निघत नाही.

दोन्ही मते वाचकाला इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडे नेतात. डॉर्चेस्टर गावी जाणारा प्रवासी बहुधा कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या ओढीने जातो, परंतु तेथील सेंट पीटर्स चर्चच्या बाहेर उभा असलेला पुतळा विल्यम बार्न्स (१८०१–१८८६) यांचा आहे आणि 'डू'च्या अभ्यासकाने पहिला नमस्कार त्यांना करावा. शिक्षक, धर्मोपदेशक आणि डॉर्सेटच्या बोलीत कविता लिहिणारा हा गृहस्थ हिंदुस्थानी व फारसीसकट अनेक भाषा शिकला होता. त्याच्या बोलीत आघात नसलेला 'डू' नित्याची क्रिया दाखवतो आणि 'डिड' भूतकाळातील सवय सांगतो. मराठीत 'तो रोज नदीवर जाई' यातील 'जाई' या रीतिभूतकाळाचे जे काम, तेच या 'डिड'चे. प्रमाण इंग्रजीने जो होकारार्थी 'डू' हाकलला, त्याला या बोलीने असा नवा उद्योग दिला, आणि येथे बोली प्रमाणभाषेपेक्षा अधिक काटेकोर ठरते असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. बार्न्स भाषाशुद्धीचेही कट्टर पुरस्कर्ते होते. व्याकरणाला त्यांनी 'स्पीचक्राफ्ट' आणि ऑम्निबसला 'फोकवेन' असे प्रतिशब्द सुचवले. 'महापौर' रुजवणाऱ्या सावरकरांशी त्यांचे चांगले जमले असते, फक्त सावरकरांचे शब्द टिकले आणि बार्न्स यांचे बहुतेक विरले.

'डू' आणि 'मेक' यांतील फरक शिकणाऱ्याला छळतो, कारण मराठी 'करणे' दोघांचीही जागा घेते. काम किंवा कर्तव्य पार पाडायचे असेल तर 'डू' आणि काही नवे निर्माण होत असेल तर 'मेक', हा नियम गृहपाठाला आणि चहाला लागू पडतो. पुढचे शब्दप्रयोग पाठच करावे लागतात.

तेच 'करणे' आज मराठीत निराळ्या कामाला लागले आहे. इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रत्यय सरळ चिकटत नाहीत. 'फॉरवर्डला' किंवा 'डाउनलोडली' असे कोणी म्हणत नाही. म्हणून 'मेसेज फॉरवर्ड केला', 'फाइल डाउनलोड केली', 'अ‍ॅप अपडेट केलं' अशी वाक्ये घडतात, ज्यांत इंग्रजी क्रियापद 'डिड'नंतरच्या 'गो'सारखेच उघडे राहते आणि काळ व वचन यांचा भार 'करणे' उचलते. त्यातही पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग असे तिहेरी ओझे, जे 'डू'ला कधीच वाहावे लागले नाही.