उसाने घेतलेले जमिनीला परत

एका धंद्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या धंद्याचा कच्चा माल व्हावा आणि जमिनीतून घेतलेली वस्तू शेवटी जमिनीलाच मिळावी, या व्यवस्थेस आज चक्राकार अर्थव्यवस्था असे म्हणतात. हे नाव नवे असले तरी त्यामागील विचार शेतकऱ्यास नवा नाही. उकिरड्याचे खत शेतात नेणारा प्रत्येक कुणबी तो पूर्वापार जाणतो. मोठ्या कारखान्यास हा विचार कसा लागू पडतो, हे समजण्यासाठी साखरधंद्यासारखे दुसरे सोयीचे उदाहरण नाही.

साखर जमिनीतून काय नेते?

साखर ही कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांची बनलेली आहे. ऊस ही द्रव्ये हवेतून व पाण्यातून घेतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यांची साखर बनवितो. शुद्ध साखरेत नत्र, स्फुरद किंवा पालाश नसते. म्हणजे साखरेचे पोते बाजारात गेल्याने जमिनीचे अन्नद्रव्य जात नाही. उसाने जमिनीतून जे घेतले, ते पाचट, चोथा, प्रेसमड व मळी यांत मागे उरते. हे पदार्थ जाळले, ओढ्यात सोडले किंवा वाया घालविले, तरच जमीन दरिद्री होते.

कारखान्यात काय उरते?

एक टन ऊस गाळला असता सुमारे १०० ते ११० किलो साखर मिळते. त्याशिवाय सुमारे २८० ते ३०० किलो ओला चोथा, ३० ते ४० किलो प्रेसमड आणि ४० ते ४५ किलो मळी हाती येते.

चोथ्यास कारखान्यात बगॅस म्हणतात. तो बाष्पकात जाळून वाफ व वीज निर्माण करतात. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज अनेक कारखाने विकतात. तमिळनाडूतील करूरजवळच्या एका सरकारी कागद कारखान्यात १९८० नंतरच्या दशकापासून बगॅसचा कागद बनविला जात आहे. बगॅस जाळल्यावर त्यातील नत्र हवेत निघून जाते. ते शेतास परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ती उणीव द्विदल आंतरपिके, हिरवळीची खते व वरखते यांनीच भरून काढावी लागते.

रस स्वच्छ करताना जो गाळ निघतो तो प्रेसमड होय. उसाच्या रसातील स्फुरदाचा मोठा भाग या गाळात उतरतो. ताजा प्रेसमड कुजताना फार तापतो. म्हणून तो तसाच उभ्या पिकास न देता कुजवून वापरावा. काही ठिकाणी प्रेसमडपासून जैववायू तयार करतात. वायू काढून घेतला तरी स्फुरद उरलेल्या गाळात राहते. म्हणून तो गाळही शेताकडेच आला पाहिजे.

पालाशाचा मोठा भाग रसाबरोबर मळीत जातो. आसवनीत मळी आंबवून मद्यार्क काढतात. मद्यार्क हाही साखरेप्रमाणेच त्या तीन मूलद्रव्यांचा बनलेला असल्यामुळे पालाश सांडपाण्यात मागे राहते. या तांबूस-काळ्या सांडपाण्यास स्पेंटवॉश म्हणतात. ते ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात व काठच्या विहिरी नासतात. तेच आटवून बाष्पकात जाळले, तर पालाशयुक्त राख मिळते. आपल्या देशास म्युरेट ऑफ पोटॅश परदेशातून आणावे लागते. म्हणून २०२१ साली केंद्र शासनाने मळीपासून मिळणाऱ्या पालाशाचा खत अनुदान योजनेत समावेश केला. या खतात पालाश १४.५ टक्के धरलेले आहे. जे पाणी विहीर नासवीत होते, त्यातूनच खताचे पोते निघते.

शेतातील दुवा

कारखान्यात चक्र कितीही पूर्ण झाले, तरी शेतात पाचट पेटविले तर ते तेथेच तुटते. एक हेक्टर उसातून साधारणपणे ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद व ०.७५ ते १ टक्का पालाश असते. १० टन पाचटाचा हिशेब केल्यास ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद व ७५ ते १०० किलो पालाश होते. काडी लावताच नत्र व सेंद्रिय पदार्थ धुरात जातात, आणि वरच्या थरातील उपयुक्त जीवाणू होरपळतात.

पाचट आंतरमशागतीस अडचण करते व पाणी तुंबविते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय आहे. खोडवा ठेवावयाचा असल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. तोडणीनंतर बुडख्यांवर पडलेले पाचट सरीत ओढावे. पाणी तुंबत असल्यास ते एका सरीआड घालावे व मोकळ्या सरीतून पाणी द्यावे.
२. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत.
३. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धक वापरावे. संवर्धक चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पाचटावर पसरावे.
४. पाचट पायाने दाबून मातीशी भिडवावे व नंतर पाणी द्यावे.

असे पाचट काही महिन्यांत कुजून खत होते. तोपर्यंत ते सरीवर पांघरुणासारखे राहून ओल टिकविते व तण दाबते. वाळलेल्या पाचटास आग लागू नये म्हणून बांधालगतचा पट्टा मोकळा ठेवावा.

कार्यकर्त्यांचे काम

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा मालक झाला. सहकारी कारखान्याच्या सभासदास म्हणूनच साखरेच्या भावाबरोबर प्रेसमड कोठे जातो, सांडपाण्याचे काय होते, हेही वार्षिक सभेत विचारण्याचा अधिकार आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तोडणीपूर्वीच गावात बैठक घ्यावी, जीवाणू संवर्धक वेळेवर मिळेल अशी तजवीज करावी, आणि निदान एका शेतात पाचट न जाळता राखलेला खोडवा सर्वांना दाखवावा. साखर विकावी, वीज विकावी, मद्यार्कही विकावा. पण जमिनीचे जे आहे ते जमिनीला परत द्यावे. असे केले तरच पुढच्या पिढीच्या हाती उसाचे रान सकस राहील.